ज्येष्ठांसाठी बांधलेली घरे रात्रीच्या भाड्याने: भद्रावती–मोहर्ली रस्त्यावरील आमच्या लेआऊटचा प्रश्न

इरईकाठ

या मंचावरील सर्वांना नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षे शिकवून निवृत्त झालो आणि सात वर्षांपूर्वी पत्नीसह भद्रावतीहून ताडोब्याचे प्रवेशद्वार असलेल्या मोहर्लीकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका लेआऊटमध्ये राहायला आलो. येथे ३६ बैठी घरे आहेत. विकासकाने दिलेल्या माहितीपत्रकात "५५ वर्षांवरील व्यक्तींसाठी निवासी वसाहत" असे पहिल्याच पानावर छापलेले होते आणि घरेही त्याच हिशेबाने बांधलेली आहेत. कोणत्याही दाराला उंबरा नाही, न्हाणीत भिंतीला धरायला दांडे आहेत, आणि पलंगाशेजारी व न्हाणीत एकेक लाल बटण आहे. ते दाबले की फाटकावरील चौकीदाराच्या खोलीत घंटा वाजते आणि त्या घराचा क्रमांक उजळतो. वेकोलिच्या कोळसा खाणी, आयुध निर्माणी, वीज केंद्र, एसटी, शाळा अशा ठिकाणी आयुष्य घालवून आलेल्या आम्हा लोकांपैकी अनेकांची मुले दूर आहेत. खरे सांगायचे तर आम्ही हे घर त्या लाल बटणासाठी घेतले.

आज ३६ पैकी ११ घरांमध्ये कोणीही कायम राहत नाही. त्यांचे मालक नागपूर, पुणे आणि हैदराबाद येथे असतात, दारांना आकडे दाबून उघडणारी कुलुपे बसली आहेत, आणि ही घरे संकेतस्थळांवर "ताडोब्याजवळचा व्हिला" म्हणून एका रात्रीच्या, दोन रात्रींच्या भाड्याने दिली जातात. सकाळच्या सफारीसाठी पहाटे साडेचारपासून जिप्सी, म्हणजे सफारीच्या उघड्या गाड्या, येऊन उभ्या राहतात. सोमवारच्या रात्री मात्र लेआऊट शांत असतो, कारण मंगळवारी ताडोबा पर्यटकांसाठी बंद असतो. आमच्यापैकी कित्येक जण आठवडा आता त्या शांततेवरून मोजतात.

आवाजाची तक्रार मला मुख्य मानायची नाही. गेल्या फेब्रुवारीत जे घडले ते येथे सविस्तर लिहितो. माझ्या शेजारच्या काकू ७४ वर्षांच्या आहेत आणि एकट्या राहतात. रात्री अकराच्या सुमारास त्या न्हाणीत पडल्या आणि त्यांनी बटण दाबले. त्याच संध्याकाळी पर्यटकांच्या दोन घरांमधून ती घंटा पाच वेळा वाजली होती. लहान मुलांना ते बटण खेळणे वाटले असावे, कारण ते कशासाठी आहे हे सांगणारे त्या घरात कोणी नव्हते. चौकीदार पाचही वेळा धावत गेला आणि शेवटच्या वेळी, झोपमोड केली म्हणून, दारातूनच बोलणी खाऊन परतला. सहाव्या वेळी क्रमांक उजळला तेव्हा त्याने तो नीट पाहिला नाही. काकू ४० मिनिटे ओल्या फरशीवर पडून होत्या. खुब्याचे हाड मोडले होते. चौकीदाराला मी दोष देत नाही, त्याच्या जागी मी असतो तर मीही कदाचित तेच केले असते. परंतु जी व्यवस्था आमच्या जिवासाठी उभारली होती, ती परक्यांच्या येण्याजाण्याने निकामी झाली, एवढे निश्चित.

ताडोब्याचा गाभा १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो. १ ऑक्टोबरला पुन्हा गर्दी सुरू होईल. त्यापूर्वी आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेने कायद्याने काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जिप्सीचा भाऊ

गुरुजी, मी मोहर्लीच्या बाजूचा आहे आणि सफारीची गाडी चालवतो. आपण लिहिलेल्या लेआऊटमध्ये मी अनेकदा पाहुणे घ्यायला आलो आहे. पहाटे हॉर्न वाजवू नये असे आम्ही ठरवले आहे, तरी पाहुणे झोपलेले असतात, फोन उचलत नाहीत, आणि प्रवेशद्वारावर वेळेत पोहोचलो नाही तर आमची फेरी बुडते. तेव्हा चूक आमच्या हातून होते, हे मान्य करतो.

गावाकडची एक बाजूही सांगितली पाहिजे. मोहर्ली, आगरझरी या भागात गावच्या लोकांनी स्वतःच्या घरात पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या आहेत. तिथे घरची बाई स्वयंपाक करते, रात्री घरमालक ओसरीत झोपतो, आणि पाहुणा अंधारात बाहेर निघाला तर "साहेब, थांबा" असे म्हणणारे कोणीतरी असते. तुमच्या लेआऊटमधल्या रिकाम्या घरात असे कोणीच नसते. पाहुणे उरलेले जेवण अंगणात ठेवून निघून जातात, त्यावर कुत्री आणि रानडुकरे येतात, आणि कुत्र्यांच्या मागे बिबट येतो. चंद्रपूरजवळच्या दुर्गापूर भागात बिबट्यांचे हल्ले झाले, ते आपल्याला माहीत आहेतच. संध्याकाळी काठी घेऊन फेरी मारणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या वस्तीत हे घडू नये असे मला मनापासून वाटते.

निवृत्त सहकार

मी सहकार खात्यात ३० वर्षे काम केले आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

पहिला प्रश्न असा की वयाची अट नेमकी कोठे लिहिलेली आहे. माहितीपत्रकात असणे, नोंदणीकृत विक्री करारात असणे आणि संस्थेच्या उपविधीत, म्हणजे तिच्या नोंदणीकृत नियमावलीत, असणे, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या अनुभवात अशा बहुतेक वसाहतींची अट पहिल्या ठिकाणी ठळक, दुसऱ्या ठिकाणी पुसट आणि तिसऱ्या ठिकाणी मुळीच नसते. याचे कारण सरळ आहे. विकासकाला पहिली २० घरे ज्येष्ठांना विकता येतात, उरलेली घरे रखडली की त्याला गिऱ्हाइकाचे वय विचारायचे नसते. माहितीपत्रक अगदीच निरुपयोगी आहे असे मात्र समजू नये. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याच्या कलम १२ नुसार जाहिरातीतील किंवा माहितीपत्रकातील खोट्या विधानावर विसंबून पैसे भरलेल्या व्यक्तीचे नुकसान झाले, तर भरपाईची जबाबदारी प्रवर्तकावर, म्हणजे विकासकावर, येते. महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने, २०२४ मध्ये ज्येष्ठ नागरिकांच्या गृहप्रकल्पांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि रुंद दारे, उतार, न घसरणाऱ्या फरश्या, न्हाणीतील दांडे अशा सोयी विक्री करारात नमूद करणे आवश्यक केले. आपला प्रकल्प त्यापूर्वीचा आहे आणि त्या सूचनांचा भर बांधणीवर आहे, त्यामुळे घर कोणी वापरावे याचे उत्तर आपल्याला उपविधीतच शोधावे लागेल.

दुसरा प्रश्न, या व्यवहाराला कायद्याने म्हणावे तरी काय? येणारी व्यक्ती भाडेकरू आहे असे मालक म्हणत असेल, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत हवा आणि तो करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. ती व्यक्ती नात्यातली पाहुणी आहे असे तो म्हणत असेल, तर पैसे कशाचे घेतले? आणि हा लॉजचा धंदा आहे असे तो मान्य करत असेल, तर निवासी घराचा वापर बदलला हे त्यानेच कबूल केले. या तिन्हींपैकी एक उत्तर त्याच्याकडून लेखी घ्या. घरगुती वीजजोडणीवर व्यवसाय चालवला तर वीज कायदा, २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापराची आकारणी दुप्पट दराने होते, हेही त्याला कळवून ठेवावे. परदेशी पाहुण्यांची माहिती २४ तासांत परदेशी नागरिक नोंदणी यंत्रणेला कळवावी लागते, आणि आकड्याच्या कुलपाला पारपत्र तपासता येत नाही.

आता बिनभोगवटा शुल्काविषयी, म्हणजे सभासद स्वतः राहत नसलेल्या घरावर संस्था घेते त्या शुल्काविषयी. अनेक संस्थांना वाटते की हे शुल्क वाढवले की मालक वठणीवर येतील. तसे करता येत नाही. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने हे शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत मर्यादित केले आहे. महिन्याकाठी ही रक्कम किरकोळ होते, आणि एका रात्रीत तिच्या कितीतरी पट कमावणारा मालक ती आनंदाने भरतो. उलट ते शुल्क घेऊन संस्थेने आपल्या वापराला संमती दिली, असा युक्तिवाद तो करू शकतो. पावतीवर तशी हरकत नोंदवूनच पैसे घ्यावेत.

सीताबर्डी

मी त्या ११ मालकांपैकी एक आहे. नाव लिहीत नाही, परंतु गुरुजी मला ओळखतील. हे घर मी आईसाठी, तिच्याच नावे घेतले होते. ती साडेतीन वर्षे तेथे राहिली आणि तेथेच गेली. त्यानंतर घर विकायला काढले तर ५५ वर्षांवरील गिऱ्हाईक दीड वर्षात एकही आले नाही. माझे वय ४६ आहे, म्हणजे अट काटेकोर धरली तर वारसाहक्काने मिळालेल्या या घरात मलाही राहता येत नाही. कर्जाचा हप्ता आणि देखभाल खर्च मात्र चालूच आहे. वर्षभराचा भाडेकरू रस्त्यालगतच्या त्या लेआऊटमध्ये कोण येणार? म्हणून मी पर्यटकांना देऊ लागलो. काकूंच्या बाबतीत जे झाले ते मला या धाग्यावरच कळले. माझ्या घरातून त्या रात्री घंटा वाजली होती का, हे मला माहीत नाही, आणि ही गोष्ट वाचल्यापासून ती मनातून जात नाही.

इरईकाठ

सीताबर्डी, आपल्या आई माझ्या पत्नीबरोबर रोज सकाळी तुळशीला पाणी घालत असत. आपण प्रामाणिकपणे लिहिले याबद्दल आभार. घर रिकामे पडण्याची अडचण खरी आहे आणि तिचे उत्तर संस्थेने दिले पाहिजे, हे मला आपला प्रतिसाद वाचून पटले. तरी एक गोष्ट विचारतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, बोअर तासाभरात धाप टाकते, आणि नेमका तोच वाघ दिसण्याचा हंगाम, कारण जनावरे पाणवठ्यावर येतात. त्या महिन्यात प्रत्येक व्हिलात आठ-आठ माणसे उतरतात आणि टँकरचा खर्च ३६ घरांत सारखा वाटला जातो. दोन बादल्यांत भागवणारी म्हातारी माणसे पर्यटकांच्या आंघोळीचे पैसे भरत आहेत. हे आपल्या आईंना चालले असते का?

तुळशीवृंदावन

गुरुजी, आपल्या लेआऊटमध्ये मीही राहते. माझ्याविरुद्धही ठराव होणार असेल तर मला बोलू द्या.

माझे यजमान कारखान्यात होते. त्यांच्या मागे मला ईपीएस-९५ ची, म्हणजे १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेची, विधवा पेन्शन मिळते. या योजनेतील किमान पेन्शन २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे, आणि माझी त्याहून फार मोठी नाही. दोन खोल्यांपैकी मागची खोली मी हंगामात देते. बहुतेक वेळा बायका-बायका येतात, फोटो काढणाऱ्या मुली येतात. मी त्यांना वरण-भात, भाकरी, झुणका करून घालते. पहिल्या दिवशी त्यांचा हात धरून न्हाणीत नेते आणि सांगते की हे लाल बटण आहे, जीव जात असेल तरच दाबायचे. पोलीस ठाण्यात नावे कळवते. त्या पैशांत माझी रक्तदाबाची आणि साखरेची औषधे येतात. माझ्या घरातून एकदाही खोटी घंटा वाजलेली नाही, चौकीदाराला विचारा.

मी आणि पाच घरे घेऊन पुण्यात बसलेला मालक, दोघे एकाच नियमात बसणार असू तर तो नियम माझ्यावरच पडेल, कारण मी समोर दिसते आणि तो दिसत नाही.

निवृत्त सहकार

ताई, आपण जो फरक दाखवलात तोच उपविधीचा गाभा व्हायला हवा. पर्यटन विभागाच्या निवास व न्याहारी योजनेमागील कल्पनासुद्धा यजमान ज्या घरात राहतो त्याच घरात पाहुणा उतरावा अशीच आहे. आपण त्याखाली नोंदणी करून घ्यावी.

टेम्सपासून वरोऱ्यापर्यंत

मी मूळची वरोऱ्याची आहे आणि सध्या मुलीकडे इंग्लंडमध्ये असते. येथे निवृत्तांसाठीच्या सदनिका पुष्कळ आहेत. बहुतेक ठिकाणी ५५ किंवा ६० वर्षांची अट थेट भाडेपट्ट्यातच लिहिलेली असते, माहितीपत्रकावर सोडलेली नसते. तरीही मालक मेल्यावर वारसांना घर विकता येत नाही, सेवाशुल्क मात्र वाढत राहते, आणि मग कोणीतरी ते सुट्टीसाठी देऊ लागते, हे येथेही घडते. म्हणजे सीताबर्डी यांनी लिहिलेली अडचण केवळ आपल्याकडची नाही.

येथील एक निकाल आपल्या उपयोगी पडेल असे वाटते. २०१६ मध्ये लंडनमधील एका सदनिकेच्या प्रकरणात वरिष्ठ न्यायाधिकरणाने म्हटले की भाडेपट्ट्यात "खासगी निवासस्थान" म्हणून वापर करण्याची अट असेल, तर काही दिवस वा आठवडे राहून जाणाऱ्या लोकांना घर देणे हा त्या अटीचा भंग आहे, कारण निवासस्थान म्हणण्यासाठी त्या राहण्यात शनिवार-रविवार किंवा आठवड्यातील काही रात्रींपलीकडचा टिकाऊपणा हवा. ती इमारत निवृत्तांची नव्हती आणि तो निकाल भारतात बंधनकारक नाही, हे मला ठाऊक आहे. तरी उपविधीत केवळ "निवासी वापर" एवढेच न लिहिता सलग किती काळाचे राहणे म्हणजे निवास, हे महिन्यांत लिहा. लंडन शहरात संपूर्ण घर वर्षाला ९० रात्रींपेक्षा जास्त अल्पमुदतीने द्यायचे तर नियोजनाची परवानगी लागते. ती मर्यादा मोजणार कोण, यावरच येथे सगळे अडते. रात्री मोजण्याचे काम आपल्या चौकीदारावर टाकू नका.

जिप्सीचा भाऊ

मोजण्याचे काम सोपे आहे, ताई. आम्हाला सगळे माहीत असते. पण आम्हाला विचारू नका, त्यावर आमचे पोट आहे.

निवृत्त सहकार

सर्वांचे वाचून उपविधीत घालण्यासाठी मसुदा लिहिला आहे. भाषा सभेत सुधारता येईल.

संस्थेतील घर निवासासाठीच वापरले जाईल, आणि सलग सहा महिन्यांपेक्षा कमी मुदतीसाठी संपूर्ण घर मोबदला घेऊन कोणालाही देता येणार नाही. सभासद स्वतः घरात राहत असताना एक खोली पाहुण्यांना देऊ शकेल, मात्र पाहुण्यांची नावे संस्थेच्या वहीत त्याच दिवशी लिहावी लागतील. घरातील एक तरी कायम रहिवासी ५५ वर्षांवरील असावा. वारसाला या अटीतून तीन वर्षांची सूट असेल, आणि त्या काळात त्याला घर विकता येईल, स्वतः वापरता येईल किंवा ज्येष्ठ भाडेकरूस देता येईल. पाण्याचा खर्च मीटरने वाटला जाईल.

सभासदत्वाची अट उपविधीत घालता येते का, असा आक्षेप येईल. २००५ मध्ये अहमदाबादमधील झोरोस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एका समाजापुरते ठेवणारा उपविधी ग्राह्य धरला होता. धर्मावर घरे वाटली जावीत असे माझे मत नाही आणि तो निकाल मला व्यक्तिशः रुचत नाही. परंतु उपविधी हा सभासदांनी आपसांत स्वीकारलेला करार आहे, हे त्यातील तत्त्व येथे लागू पडते, आणि वय ही तर सर्वांनाच येणारी अवस्था आहे.

कार्यपद्धती काटेकोर पाळावी. सभेची नोटीस १४ पूर्ण दिवस आधी प्रत्येक सभासदाला पोहोचली पाहिजे, नागपूर-पुण्याच्या मालकांनाही, आणि पोचपावती जपून ठेवावी. दुरुस्तीसाठी हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश सभासदांचा पाठिंबा लागतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १३ खाली सहकारी संस्थांच्या निबंधकांनी नोंदणी केल्याशिवाय ती अमलात येत नाही. उत्साहाच्या भरात कोणाच्या घराचे पाणी किंवा वीज तोडू नका. तसे केले तर पुढची दोन वर्षे संस्थाच आरोपी होऊन बसेल.

सीताबर्डी

वारसाला तीन वर्षे मिळणार असतील तर मी मसुद्याच्या बाजूने मत देईन. पाच घरे असलेले गृहस्थ देणार नाहीत, ते वकील घेऊन येतील. माझ्या घराचे ऑक्टोबरचे आरक्षण मी आज रद्द केले आहे. एखादे निवृत्त जोडपे भाड्याने येऊ इच्छित असेल तर गुरुजींनी कळवावे. भाडे मी देखभाल खर्चापुरतेच घेईन.

इरईकाठ

सर्वांचे आभार. काल कार्यकारी समिती बसली. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते, म्हणून ती सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ठेवली आहे. ३६ नोटिसा मी स्वतः भद्रावतीच्या टपाल कार्यालयातून नोंदणी टपालाने पाठवल्या. एकाच मालकाच्या पाच घरांना मते किती, यावर समितीत वाद झाला. त्याविषयी निवृत्त सहकार यांना मी वेगळे लिहितो आहे.

घंटेच्या बाबतीत सभेची वाट पाहिली नाही. वीजतंत्र्याला बोलावून त्या ११ घरांचा दिवा वेगळ्या रंगाचा करून घेतला, म्हणजे चौकीदाराला लांबूनच ओळखू येईल. मात्र धावत जायचे ते दोन्ही रंगांना, असे त्याला लेखी दिले आहे, कारण पर्यटकांमध्येही एखाद्याचा म्हातारा बाप असू शकतो. प्रत्येक बटणाखाली मराठी, हिंदी आणि तेलुगूत पाटी लावायची आहे. तेलुगू मजकूर कोणी तपासून देऊ शकेल का?

काकू आता वॉकर घेऊन फाटकापर्यंत येतात. सभेला त्यांना बोलायचे आहे, म्हणून सभा मंडपात न घेता त्यांच्या अंगणात घ्यावी असे तुळशीवृंदावन ताईंनी सुचवले आणि समितीने ते मान्य केले.